फोटोच्या पाठीवर



यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर एखादा लेख दे, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले, तेव्हा आपल्या गावच्या निंबाळकरांच्या किल्ल्यावर मी काही लिहीन अशी त्यांची कल्पना असावी. किल्ल्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी विषय मागून घेतला तो हौशी लोकांनी काढलेल्या फोटोंचा. गेल्या श्रावणात आपण मंडळात घराघरांतले जुने फोटो मांडून बसलो होतो, त्या दुपारपासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण वाचनालयातून मिळाले ते वाचले, लेकीने काही शोधून वाचून दाखविले, आणि त्यातले पक्के वाटले तेवढेच येथे घेतले आहे.

फोटो काढणारे दोन तऱ्हेचे. एक पोटासाठी काढणारा. तो फोटो हातात देतो, पैसे घेतो आणि मोकळा होतो. दुसरा हौशी. तो पदरचे पैसे घालून फोटो काढतो आणि मग भेटेल त्याला थांबवून सांगत सुटतो, की हा फोटो कसा मिळाला, ऊन कोणत्या बाजूने होते, म्हैस कशी हलली, पाहुणे कसे रुसले होते. आपण कंटाळून ऐकतो. पण पुढे पन्नास वर्षांनी फोटो शिल्लक राहतो, सांगणारा जातो, आणि मग ती ऐकलेली गोष्ट हीच त्या फोटोची किंमत ठरते. हौशी फोटोंचा इतिहास पाहू गेले तर तो निम्मा फोटोंचा आणि निम्मा अशा गोष्टींचा आहे. कोणाच्या गोष्टी टिकल्या आणि कोणाच्या गेल्या, हेही त्यात पाहण्यासारखे आहे.

फोटोची कला युरोपात 1839 साली जाहीर झाली आणि थोड्याच काळात आपल्या देशात आली. मुंबईत 1854 साली हौशी लोकांनी एकत्र येऊन फोटोग्राफिक सोसायटी स्थापन केली. तिच्यात साहेब लोक पुष्कळ, पण आपलेही होते. डॉक्टर भाऊ दाजी लाड हे तिच्या कार्यकारी मंडळात होते, आणि त्यांचे धाकटे बंधू डॉक्टर नारायण दाजी हे तर स्वतः फोटो काढीत. दोघेही धंद्याने डॉक्टर. सभासदांनी एकत्र जमायचे, आपापले फोटो दाखवायचे आणि कृती सांगायची, असे तिचे काम. एकीने लोणच्याची बरणी उघडावी आणि बाकीच्यांनी मोहरी किती, मीठ किती विचारावे, त्यातलाच प्रकार म्हणा ना.

याच मुंबईत विल्यम जॉन्सन आणि हेंडरसन या दोघांनी 1856 सालापासून हौशी फोटोग्राफरांचे एक मासिक काढले. त्या काळी फोटो छापता येत नसे. म्हणून प्रत्येक अंकात तीन खरेखुरे फोटो असत, आणि प्रत्येक फोटोबरोबर त्याची माहिती छापलेली असे. हा कोण, कोणत्या जातीचा, धंदा काय, पोशाख काय, अशी ती माहिती. फोटो आणि त्याची गोष्ट शेजारी शेजारी ठेवण्याचा आपल्याकडचा हा फार जुना नमुना होय.

पण यातली एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. जॉन्सनने पुढे 1863 आणि 1866 मध्ये मुंबईच्या निरनिराळ्या जातिजमातींचे मोठे पुस्तक दोन भागांत काढले. त्यातल्या पुष्कळ फोटोंत माणसे एके ठिकाणी काढलेली आहेत आणि पाठीमागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा, कापून जोडलेला आहे. घरात किंवा अंगणात बसवून काढलेली बाई पुस्तकात भलत्याच जागी बसलेली दिसते. वाचणाऱ्याला ते खरे वाटे. शेजारी लिहिलेली माहितीही काढणाऱ्याच्या बाजूची. बसलेल्या माणसाचे नाव बहुतेक ठिकाणी नाहीच, जात तेवढी आहे. म्हणजे फोटोबरोबर गोष्ट आहे एवढ्यानेच ती त्या माणसाची गोष्ट ठरते असे नाही.

भाऊ दाजींचे नाव घेतले म्हणून आपल्या बाजूला येते. हेच भाऊ दाजी पुढे अजिंठ्याच्या शिलालेखांच्या अभ्यासात पडले, आणि 1860 नंतरच्या त्यांच्या लेखांनी ते शिलालेख प्रथम नीट वाचले गेले. त्या काळात अजिंठ्यास एक गोरा सैनिक कॅमेरा घेऊन ठाण मांडून बसला होता. त्याचे नाव रॉबर्ट गिल. हा माणूस आपला शेजारी आहे असे म्हटले तर नवल वाटेल. पण त्याची कबर भुसावळला आहे. आपण बाजाराला, दवाखान्याला, रेल्वेला म्हणून भुसावळला जातो. तापीच्या पुलावरून जातायेता किती जणींना हे ठाऊक असेल?

गिल हा मद्रासकडच्या फौजेतला अधिकारी, जन्म 1804 चा. हात चित्रकाराचा. कंपनी सरकारने 1844 साली त्याची नेमणूक केली ती लेण्यांतल्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला रंगात उतरवून घेण्यासाठी. लेणी तेव्हा निजामाच्या मुलखात. भोवती रान, वाघरू, हिवताप. गिल अजिंठा गावात राहिला आणि मोठमोठ्या कापडांवर एकेक भिंत उतरवीत गेला. वर्षांमागून वर्षे हे काम चालले. झालेली चित्रे विलायतेस गेली आणि लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेस नावाच्या काचेच्या प्रचंड वाड्यात लोकांनी पाहावी म्हणून टांगली गेली. तेथे 1866 च्या डिसेंबरात आग लागली आणि दोनचार वगळता गिलची सगळी चित्रे जळाली. एका माणसाच्या उमेदीची वर्षे एका रात्रीत राख झाली.

राहिले काय, तर फोटो. चित्रे काढणे ही गिलची नोकरी होती. फोटो काढणे तो मागाहून शिकला. त्याचा कॅमेरा दोन भिंगांचा होता. आपल्या दोन डोळ्यांसारखी दोन भिंगे, त्यांची दोन चित्रे शेजारी शेजारी यायची, आणि ती एका लहानशा पेटीतून पाहिली की खांब पुढे आल्यासारखा आणि मूर्ती आत खोल असल्यासारखी दिसे.

तेव्हाचे फोटो काढणे म्हणजे आजच्यासारखे बोट लावण्याचे काम नव्हते. काच घ्यायची, तिच्यावर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण सारखे पसरायचे, मग ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि ओली असतानाच अंधारात नेऊन धुवायची. काच वाळली की श्रम वाया. बोटांना चांदीचे काळे डाग पडत, ते बिब्ब्यासारखे लवकर जात नसत. आपल्याकडच्या वैशाखात घातलेला पापड पाहता पाहता कडक होतो. त्या उन्हात काच ओली ठेवायची, लेण्याच्या अंधारात भिंतीवर पुरेसा उजेड यायची वाट पाहायची आणि तोवर कॅमेरा तसूभर हलू द्यायचा नाही. मला तर हे वाचून त्या माणसाच्या चिकाटीचे कौतुक वाटले.

लंडनमध्ये 1864 साली या फोटोंचे पुस्तक निघाले. त्यात गिलचे 74 फोटो आहेत, आणि लिहिणारा आहे जेम्स फर्ग्युसन, लेण्यांचा मोठा जाणकार. त्याच साली शंभर फोटोंचे दुसरे पुस्तकही निघाले. चित्रे जळाल्यावर लेण्यांची तेव्हाची स्थिती पाहायला हेच फोटो उरले. फर्ग्युसनने सांगितलेली गोष्ट खांबांची, कमानींची, शिल्पांची आहे, आणि ती चांगली आहे. पण फोटो काढणाऱ्याच्या घरात काय चालले होते ते त्यात नाही.

घरात पारो होती. अजिंठा गावात तिची कबर आहे, आणि दगडावर तिचे नाव व 23 मे 1856 ही मरणाची तारीख इंग्रजीत कोरलेली आहे. गिलची लग्नाची बायको गोरी, आणि पारो येथली. ती कोण, कोठली, दोघांत भाषा कोणती होती, हे गावोगाव निरनिराळे सांगतात. पळसखेड्याचे आपले कवी ना. धों. महानोर यांनी 1984 मध्ये ‘अजिंठा’ हे काव्य तिच्यावर केले, आणि 2012 मध्ये त्यावर सिनेमाही निघाला. त्यामुळे पारो आज सर्वांना ठाऊक झाली. ती कवीची पारो आहे, आणि कवीला तो अधिकार आहे. परंतु इतक्या वर्षांच्या कामात कंदील कोणी धरला, पाणी कोणी आणले, हिवतापात उशाशी कोण बसले, हे गिलने आपल्या हाताने दोन ओळींत लिहून ठेवले असते, तर मला ते त्याच्या शंभर फोटोंइतकेच मोलाचे वाटले असते. गिल स्वतः 1879 साली वारला. लेण्यांचे फोटो पाहायला जगभरातून अभ्यासक येतात, आणि पारोची ओळख पटते ती एका दगडावरच्या ओळीने.

यानंतर मधली बरीच वर्षे मी सोडून देते. त्या काळात काच जाऊन रोल आला, कॅमेरा हातात मावू लागला आणि राजेरजवाड्यांच्या हौसेचे सामान मध्यम घरांत आले.

सन 1936 च्या डिसेंबरात आपल्या तालुक्यात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष, आणि मंडपाची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी बांबू आणि चटया अशा गावच्याच वस्तूंनी केलेली. घरातल्या म्हाताऱ्यांकडून अध्यक्षांच्या बैलरथाचे वर्णन आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहावयास गेले होते. त्या गावाचे पुढे सेवाग्राम झाले. तेथेच एक हौशी फोटोग्राफर तयार झाला, आणि त्याची गोष्ट मला सर्वांत जास्त आवडली.

हा कनू गांधी, गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा, जन्म 1917 चा. आश्रमात तो पत्रव्यवहार आणि हिशेब पाही. विनोबांचे बंधू शिवाजीराव भावे यांनी त्याला सुचविले, की येथले रोजचे जीवन तू फोटोंत टिपून ठेव. कॅमेऱ्याला पैसे कोठले? आश्रमाचा पैसा असल्या हौसेला नाही, असे बापूंचे म्हणणे. शेवटी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, आणि त्यातून कॅमेरा आणि रोल आले. बापूंनी तीन अटी घातल्या. भपकन उजेड पाडणारा दिवा वापरायचा नाही. मला असे बसा, तसे बसा म्हणायचे नाही. आश्रम खर्च देणार नाही. या तीन अटींत त्याने 1938 पासून दहा वर्षे फोटो काढले. आपण पाहतो त्या पुष्कळ फोटोंत बापू कॅमेऱ्याकडे पाहतच नाहीत, आपल्या कामात आहेत, याचे कारण या अटी. कारण कळले की फोटो निराळा दिसू लागतो. मला तरी दिसला.

पण त्याचा न काढलेला फोटो माझ्या जास्त लक्षात राहिला. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये 22 फेब्रुवारी 1944 रोजी कस्तुरबा गेल्या. शेवटच्या घटका चालल्या होत्या, बांचे डोके बापूंच्या मांडीवर होते आणि कनू तेथे होता. बापूंनी त्याला फोटो काढू दिला नाही. त्याने काढला नाही. आज कोणाच्या घरी माणूस गेले तर चार मोबाइल वर होतात, त्या दिवसांत हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडी बसून राहिले.

याच सुमाराला मुंबईत होमाई व्यारावाला नावाची पारशी मुलगी, जन्म तिचाही 1913 चा म्हणजे कनूच्या आगेमागेचाच, होणाऱ्या नवऱ्याकडून फोटो काढणे शिकली होती. तिचे छापून आलेले पहिले फोटो कशाचे होते, तर बायकांच्या एका मंडळाच्या सहलीचे! फोटोमागे एक रुपया मिळाला. आरंभी तिचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापले जात, कारण बाईचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. पुढे ती आपल्या देशातली वर्तमानपत्रांसाठी काम करणारी पहिली स्त्री फोटोग्राफर म्हणून नावारूपाला आली. सन 2011 मध्ये पद्मविभूषण मिळाले, आणि 2012 मध्ये वयाच्या 98 व्या वर्षी त्या वारल्या. म्हातारपणी लोकांनी विचारले तेव्हा त्यांनी आपल्या फोटोंच्या गोष्टी मोकळेपणाने सांगितल्या, त्याचे पुस्तक झाले. त्यातही चुकलेल्या फोटोची गोष्ट आहे. 30 जानेवारी 1948 ला त्या बिर्ला भवनातल्या प्रार्थनेला निघाल्या होत्या. नवऱ्याने परत बोलाविले, की उद्या दोघे मिळून जाऊ. त्या फिरल्या. कनूही त्या दिवशी दिल्लीत नव्हता, दूर नोआखालीत होता. त्याची बायको आभा मात्र बापूंच्या शेजारी चालत होती.

आता आपल्या घरातले सांगते. आमच्या चुलतसासऱ्यांना फोटोची फार हौस होती. शाळामास्तर माणूस, पगार बेताचा, पण आग्फा क्लिक थ्री कॅमेरा घेतला होता. एका रोलात बारा फोटो. बारा संपेपर्यंत महिने जात, मग रोल धुवायला भुसावळला जाई. प्रत्येक फोटोच्या पाठीवर ते शिसपेन्सिलीने टीप लिहीत. केळीच्या बागेत उभ्या असलेल्या मंडळींचा फोटो असेल तर डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे, साल, शेताचे नाव, घडाचे वजनसुद्धा. वाचताना आनंद होतो. बायकांचे फोटो थोडे आहेत, पण आहेत. त्यांच्या पाठीवर एवढेच लिहिले आहे: ‘घरातील मंडळी’.

यात त्यांचा काही दुष्ट हेतू नव्हता. त्या काळी परक्याच्या हाती पडेल अशा कागदावर लेकीसुनांची नावे लिहीत नसत. बैलांची मात्र लिहीत. त्यांच्या एका फोटोमागे ‘सर्जा व राजा’ असे आहे.

त्यातला एक फोटो मी श्रावणात मंडळात आणला. उन्हाळ्यातली गच्ची, बायका बिबडे घालीत बसल्या आहेत. अकरा जणी. नऊ जणी समोर पाहताहेत, एक कडेची अर्धी कापली गेली आहे, आणि एकजण कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली आहे. आम्हाला वाटे ती पातेल्यातला घाटा ढवळते आहे. मंडळातल्या सर्वांत वडील आजींनी, त्यांचे वय आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, चष्मा पुसून फोटो हातात घेतला आणि बोट ठेवून एकेकीचे नाव सांगितले. सासरचे, माहेरचे, गावासकट. मग पाठमोरीवर बोट ठेवून त्या थांबल्या.

ती घरातली धाकटी जाऊ. फोटोच्या आदल्या वर्षी तिचा नवरा विहिरीच्या कामावर गेला होता. फोटो काढायचे ठरले तेव्हा कोणीतरी म्हणाले, सवाष्णींचा फोटो आहे, तू जरा जिन्यात जा. ती म्हणाली, “बिबडे म्या घालू आन फोटोच्या येळी म्याच उठू? म्या नाही उठनार.” आणि उठली नाही. घरात भांडण नको म्हणून फक्त तोंड फिरवून बसली. मास्तर कॅमेरा धरून उभे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी तिला धरूनच फोटो काढला. थोडे उजवीकडे सरकले असते तर ती सहज बाहेर गेली असती. ते सरकले नाहीत, म्हणून दुसऱ्या कडेची बाई अर्धी कापली गेली.

हे ऐकून आपण सगळ्याच गप्प झालो होतो. ज्या त्या दिवशी होत्या त्यांना आठवत असेल. आजी आल्या नसत्या तर आम्ही जन्मभर म्हणत राहिलो असतो, की ही बाई घाटा ढवळते आहे.

त्या अकरापैकी दहा जणींची नावे मी आता फोटोमागे लिहिली आहेत. घरच्यांची इच्छा नसल्यामुळे ती येथे छापीत नाही. लिहिताना मऊ शिसपेन्सिल वापरली. बॉलपेनने लिहिले तर दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई कधी कधी आरपार उतरते. अल्बमला फोटो डिंकाने चिकटवले असतील तर ओढून काढू नयेत, तशी टीप शेजारच्या कागदावर लिहावी. मोबाइलमधल्या फोटोंना पाठ नसते ही अडचण आहे. माझी लेक नाव आणि साल फोटोखालीच टाइप करते, तसेही चालते. आणि सांगणारी बाई सांगत असेल तेव्हा दुसरीने लिहून घ्यावे. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने केली, ती साने गुरुजींनी तेथेच बसून उतरून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली. आपल्या गोष्टी तेवढ्या मोठ्या नाहीत, पण लिहून घेण्याची रीत तीच.

अकरावी, म्हणजे कडेला अर्धी कापली गेलेली, आजींनाही ओळखता आली नाही. तिचा डावा हात आणि अर्धा चेहरा दिसतो. हातात काचेच्या बांगड्या आणि वर चांदीचा कडा आहे, हनुवटीवर गोंदण आहे, आणि मांडीवर एक लहान मूल आहे. ती बहुधा शेजारची किंवा बिबड्यांना मदतीला आलेली असावी, असे आजी म्हणतात. फोटो मोठा करून मंडळाच्या खोलीत, दाराच्या उजव्या हाताला लावला आहे. शुक्रवारी दुपारी तीननंतर खोली उघडी असते. कोणाच्या सासूबाईंना, आजींना पाहता येत असेल तर त्यांना घेऊन यावे. जिना नाही, ओटा एकच पायरीचा आहे.